शत्रूची भूमिका कंत्राटावर दिली, प्रशिक्षण नव्हे

‘अमेरिकेने लढाऊ वैमानिकांचे प्रशिक्षण खासगी कंपन्यांच्या हवाली केले असून, भाडोत्री सैनिक भंगारातली विमाने उडवून ६.४ अब्ज डॉलर उकळत आहेत’, असा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा आहे.

प्रशिक्षण हवाली केलेले नाही. कंत्राटावर दिली गेली आहे ती सरावात शत्रूच्या विमानाची भूमिका. सरावाची आखणी आणि मूल्यमापन हवाई दलाकडेच आहे. नेवाडातील नेलिस हवाई तळावर एफ-१६ उडवणारी ६४ वी ॲग्रेसर स्क्वॉड्रन, म्हणजे सरावात शत्रूची भूमिका करणारी तुकडी, आहे आणि २०२२ मध्ये ६५ वी स्क्वॉड्रन एफ-३५ विमानांसह पुन्हा सुरू करण्यात आली. दोन्ही सरकारीच आहेत.

६.४ अब्ज डॉलर ही कोणाला मिळालेली रक्कम नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सात कंपन्यांशी मिळून झालेल्या करारांची ती कमाल मर्यादा होती, आणि त्यांत भूदलाला जवळून हवाई साहाय्य देण्याच्या सरावाचाही समावेश होता.

आता ‘भंगार’. या सातपैकी एटॅक कंपनीने फ्रान्सकडून, तर ड्रेकन कंपनीने स्पेनकडून घेतलेली मिराज एफ-१ विमाने जुन्या पिढीची आहेत, हे खरेच आहे. परंतु एफ-२२ या अत्याधुनिक लढाऊ विमानाच्या वैमानिकांना सरावासाठी शत्रू हवा होता, तेव्हा खुद्द हवाई दलाने लँग्ली तळावर टी-३८ विमाने आणली. १९५९ साली प्रथम उडालेल्या या प्रशिक्षण विमानात रडारही नाही. असे करण्यामागे कारण होते. आघाडीच्या विमानाने शत्रूची भूमिका केली, की त्याचे मर्यादित उड्डाण-आयुष्य खर्ची पडते आणि तो वैमानिक स्वतःचे डावपेच बाजूला ठेवून दुसऱ्याचे डावपेच वठवत राहतो. तेवढ्या तासांत त्याच्या स्वतःच्या लढाऊ कौशल्यात फारशी भर पडत नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे सर्वांत भक्कम समर्थन इथेच आहे. शिवाय समोरच्या विमानाचे वय ही एकच गोष्ट महत्त्वाची नसते. त्यात कोणते रडार आणि कोणती जॅमिंग (समोरच्याचे रडार गोंधळात टाकणारी) यंत्रणा बसवली आहे, हेही पाहावे लागते. टॉप एसेस कंपनीने इस्रायलकडून घेतलेल्या जुन्या एफ-१६ विमानांत आधुनिक रडार आणि सेन्सर जोडले, ते याचसाठी.

अर्थात, जुने मिराज पाचव्या पिढीच्या स्टेल्थ, म्हणजे रडारवर सहज न दिसणाऱ्या, शत्रूची नक्कल करू शकत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. ६५ व्या स्क्वॉड्रनला एफ-३५ देण्यात आले, ते नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी. मात्र मूळ दावा या मुद्द्याला स्पर्शही करत नाही.

राहिला ‘भाडोत्री सैनिक’ हा शब्द. तो मला सर्वांत जास्त खटकतो. हे वैमानिक बहुतांशी सैन्यदलांत लढाऊ विमाने उडवलेले अनुभवी लोक आहेत, त्यांच्या विमानांवर नागरी नोंदणी क्रमांक असतो, ते शस्त्रे डागत नाहीत आणि कोणत्याही युद्धात उतरत नाहीत. त्यांचे काम समोरच्या तरुण वैमानिकाला चुका करू देणे आणि त्या दाखवून देणे हे आहे. हे काम सुरक्षितही नाही. २४ मे २०२१ रोजी नेलिसजवळ ड्रेकनचे एक मिराज कोसळले आणि त्याचा वैमानिक मृत्युमुखी पडला.