पिच रिपोर्ट बघून रग्बीची टीम लावा म्हणे!

परवा कोल्हापूरहून बाबांचा मेसेज आला. बाबांनी आयुष्यात रग्बीची एक मॅच बघितलेली नाही, त्यांचं जग म्हणजे तालीम, कुस्ती आणि फार तर पाटाकडील-दिलबहारची फुटबॉल मॅच. मेसेज काय, तर "फँटसी रग्बी जिंकायची ७ सोनेरी सूत्रं, सिक्स नेशन्स स्पेशल, ९९% लोकांना हे माहीतच नाही!!" आणि खाली बाबांची स्वतःची ओळ, "तुम्ही तिकडे खेळता ना, बघ उपयोग होतो का."

हाच मेसेज आठवड्यापूर्वी धाकट्या भावाने रेडिंगहून पाठवला होता ("ताई, एकदम प्रो टिप्स आहेत"), त्याआधी इथल्या, म्हणजे वेल्समधल्या कार्डिफच्या, मराठी मंडळींच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता, तेव्हा मी गप्प बसले कारण कुठे कुठे तोंड घालायचं माणसाने. पण तो फिरत फिरत रंकाळ्यावर पोचलाय आणि बाबांच्या फिरायच्या ग्रुपमधल्या एका काकांनी त्यातली लिंक उघडून ४९९ रुपये भरलेत हे कळलं, आणि डोकं सटकलं.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. सिक्स नेशन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच फेऱ्या, एकूण १५ मॅच. तिचा अधिकृत फँटसी गेम फुकट आहे. ठरलेल्या बजेटमध्ये १५ खेळाडू आणि एक सुपरसब (बेंचवरचा राखीव) घ्यायचा, ते खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील तसे तुम्हाला गुण, कॅप्टनचे गुण दुप्पट, आणि एका देशाचे जास्तीत जास्त चार खेळाडू. हे शेवटचं लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

सूत्र चौथं आधी घेते कारण त्यातच सगळी पोल उघडी पडते. "टॉस आणि पिच रिपोर्ट आल्याशिवाय टीम लावू नका. टॉस जिंकणाऱ्या टीमचे ६-७ खेळाडू घ्या." अहो, कुठलं पिच? रग्बीत टॉस जिंकून ठरतं काय तर किक ऑफ कोण करणार किंवा कुठल्या बाजूने खेळणार, आणि हाफ टाइमनंतर बाजू बदलतातच. आणि ६-७ खेळाडू कुठून घेऊ, गेम चारच्या पुढे घेऊच देत नाही! म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याने गेम उघडूनसुद्धा बघितलेला नाही. आयपीएलचा जुना मेसेज घेतलाय, "क्रिकेट" पुसून "रग्बी" टाकलंय, आणि तेही धड नाही, पाचव्या सूत्रात "डेथ ओव्हरमध्ये खेळणारे निवडा" तसंच राहिलंय. भावाला विचारलं, हे वाचलंस का तू? म्हणाला, "मला वाटलं शेवटच्या दहा मिनिटांना म्हणत असतील." धन्य.

हवा मात्र बघायची असते, तेवढं खरं. पाऊस-वारा असला की बॉल हातातून निसटतो, टीम पास कमी आणि किक जास्त करतात, विंगवरचा, म्हणजे अगदी कडेचा, पळणारा पोरगा ऐंशी मिनिटं थंडीत कुडकुडत उभा राहतो. पण आमच्या कार्डिफच्या स्टेडियमला सरकणारं छप्पर आहे, ते बंद असलं तर तोही प्रश्न मिटला.

आता सूत्र दुसरं, ज्याच्यामुळे माझा खरा संताप होतो. "फॉरवर्ड म्हणजे भरती. स्वस्तातले घ्या, सगळे पैसे बॅक्सवर लावा, गुण तिथेच आहेत." मीसुद्धा इथे आल्यावर पहिली दोन वर्षं असंच समजत होते, म्हणजे ते एक ते आठ नंबरचे धिप्पाड लोक नुसती झोंबाझोंबी करतात आणि खरा खेळ मागच्या पोरांचा. पण निदान गुण कसे देतात ते तरी वाचा ना. २०२५ च्या नियमांत बॅकने ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या लाइनीपलीकडे बॉल जमिनीला टेकवला, तर १० गुण, फॉरवर्डने केला तर १५. एका टॅकलला १. ब्रेकडाऊनला, म्हणजे माणूस खाली पडल्यावर त्याच्यावर वाकून बॉल हिसकावला, तर ५. मॅन ऑफ द मॅचला १५. किकरला कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतर मिळणाऱ्या किकचे, २, पेनल्टीचे ३. एवढी एक पट्टी हातात घेतली तरी सातातली तीन सूत्रं तिथल्या तिथे आडवी होतात.

२०२३ ची वर्ल्ड कप फायनल घ्या, पॅरिस, साउथ आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. आफ्रिकेचे बाराच्या बारा पॉइंट हँड्रे पोलार्डने चार पेनल्टी मारून केले. मेसेजवाल्याच्या हिशोबाने याच्यापेक्षा सोन्यासारखा खेळाडू नाही. त्याच मॅचमध्ये पीटर-स्टेफ डू टॉइट नावाच्या फ्लँकरने, म्हणजे या लोकांच्या भाषेत भरतीच्या माणसाने, २८ टॅकल केले आणि मॅन ऑफ द मॅच तोच झाला. स्पर्धा वेगळी हे मान्य, पण हीच पट्टी लावा. पोलार्डचे किकचे गुण १२. डू टॉइटचे टॅकलचे २८ आणि वर १५, झाले ४३. एकही ट्राय न करता! कॅप्टन केला असता तर ८६. अठ्ठावीस वेळा शंभर-शंभर किलोचा माणूस धावत अंगावर येतो आणि तुम्ही त्याला पाडता, हे बाबांना सांगितलं तर ते पहिल्या झटक्यात म्हणतील की खेळ हाच करतोय.

आणि हुकर, फॉरवर्डमधला दोन नंबरवाला. लाइनआउट झाली, म्हणजे बाहेर गेलेला बॉल परत आत फेकला, की फॉरवर्ड एकमेकांना धरून जो गठ्ठा करून पुढे ढकलत जातात, तो मॉल, त्याच्या शेपटाला बॉल घेऊन बऱ्याचदा हुकर असतो, आणि गठ्ठा लाइनीवर गेला की हा नुसता खाली पडतो, ट्राय. २०२५ च्या शेवटच्या फेरीत रोममध्ये आयर्लंडने इटलीला २२-१७ हरवलं, चार ट्राय, त्यातले तीन हुकर डॅन शीहनचे. तीन गुणिले पंधरा, तुम्हीच करा.

अर्धसत्य म्हणून एक देते, नाइलाजाने. प्रॉपवर, म्हणजे एक आणि तीन नंबरच्या फॉरवर्डवर, फार पैसे घालू नयेत हे बरोबर आहे. ते स्क्रममध्ये (दोन्हीकडचे फॉरवर्ड वाकून एकमेकांना रेटतात तिथे) मरमर मरतात आणि बहुतेक वेळा पन्नास-पंचावन्न मिनिटांत बाहेर येतात, गुण जमायला वेळच मिळत नाही. पण प्रॉप आणि फ्लँकर एकाच टोपलीत टाकणं म्हणजे विकेटकीपर आणि नाइट वॉचमन एकच म्हणण्यासारखं आहे (क्रिकेटशिवाय कळत नसेल तर घ्या क्रिकेट).

सूत्र पहिलं, "कॅप्टन नेहमी किकरच ठेवा, तो दर मॅचला गुण आणतोच." बरेचदा आणतो, हो. पण "आणतोच" म्हणणाऱ्याने २२ फेब्रुवारी २०२५ ची इंग्लंड-स्कॉटलंड मॅच बघावी. स्कॉटलंडने तीन ट्राय केले, फिन रसेलने तिन्ही कन्व्हर्जन घालवली, शेवटचं तर अगदी मॅच संपता संपता, आणि स्कॉटलंड १६-१५ हरलं. भावाचा कॅप्टन कोण होता ते मी सांगत नाही, त्याने शपथ घातलीये. जाता जाता, या दोन देशांच्या मॅचला जो चषक असतो तो कलकत्ता कप, तिथला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून बनवलेला. आपल्या रुपयांचा रग्बीत झालेला तेवढाच सदुपयोग, त्या ४९९ चं पुढे बोलू.

तिसरं, "गेल्या मॅचला ज्याने सगळ्यात जास्त गुण केले तोच घ्या." २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडने चिलीला ७१-० धुतलं, हेन्री अरुंडेलने एकट्याने पाच ट्राय केले. त्या रात्री किती लोकांनी त्याला टीममध्ये घेतला असेल. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीला तो इंग्लंडच्या तेवीस जणांतच नव्हता! कारण ती मॅच दुबळ्या टीमशी होती, तेव्हा कोचने राखीव पोरांना संधी दिली होती, मोठ्या मॅचला नेहमीचे परत आले. आता कोणीतरी म्हणेल की २०२५ मध्ये फ्रान्सच्या बियेल-बियारेने पाचही मॅचमध्ये ट्राय केला, एकूण ८. केला ना. पण तो दर मॅचला पहिल्या पंधरात होता, आणि बॉल हातात आला की सुसाट सुटणाऱ्या टीमच्या विंगवर होता. तो का खेळतोय ते बघून घ्या, गेल्या शनिवारचा आकडा बघून नको.

पाचव्या सूत्रात डेथ ओव्हरच्या जोडीला हेही आहे, "इटलीविरुद्ध जो खेळेल त्याचे खेळाडू डोळे मिटून घ्या." २०२५ मध्ये फ्रान्सने रोममध्ये ७३ केले, तेव्हा डोळे मिटून चाललं असतं. पण २०२४ मध्ये याच इटलीने फ्रान्सला फ्रान्समध्ये १३-१३ वर रोखलं, स्कॉटलंडला हरवलं, आणि इथे कार्डिफमध्ये येऊन आम्हाला २४-२१ हरवून गेले. मी "आम्हाला" म्हणते, नऊ वर्षं राहिल्यावर हरण्यात तरी वाटा मिळतोच. २०२५ मध्ये आम्ही पाचच्या पाच हरलो, शेवटची घरच्या मैदानावर इंग्लंडकडून ६८-१४. त्या मेसेजमध्ये वेल्स "बलाढ्य टीम" यादीत आहे. वाचून ऑफिसातले वेल्श लोक पोट धरून हसले, मग जरा गप्प झाले.

सहावं, "मोठं नाव घ्या, बेंचवरच्याला हात लावू नका." मोठं नाव म्हणजे फ्रान्सचा डुपाँ. त्याच्यासारखा खेळाडू नाही, वादच नाही. पण २०२४ ची सिक्स नेशन्स तो खेळलाच नाही, ऑलिंपिकच्या सेव्हन्सची (सात-सात जणांच्या रग्बीची) तयारी करत होता (सुवर्णपदक घेऊन आला), आणि २०२५ मध्ये डब्लिनला पहिल्याच हाफमध्ये गुडघा गेला. त्या दिवशी फ्रान्सने बेंचवर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवलेला, तो एक डुपाँच्या जागी आला, नंतर सेंटरचाही (म्हणजे आणखी एक बॅक) खेळाडू बाहेर गेला तर तिथे चक्क ऑस्कर जेगू हा फ्लँकर खेळला, आणि तरी फ्रान्सने ४२-२७ जिंकली. रग्बीतला बेंच म्हणजे पाणी घेऊन येणारा बारावा गडी नव्हे, आठच्या आठ मैदानात येऊ शकतात आणि बरेचदा येतात. म्हणून तर सुपरसब आहे, तो बेंचवरून आला तर त्याचे गुण तिप्पट. मेसेजमध्ये सुपरसबचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि सातवं, जिथे ४९९ रुपये गेले. "१००% फिक्स विनिंग टीम, मॅचच्या पाच दिवस आधी." टीम जाहीर होते मॅचच्या साधारण दोन दिवस आधी. तोवर कोच सोडून कोणाला माहीत नसतं कोण सुरुवातीला आणि कोण बेंचवर, आणि जाहीर झाल्यावरही आदल्या दिवशी कोणाची मांडी धरते, कोणी आजारी पडतो. मग पाच दिवस आधी फिक्स काय आहे, तर फी. धंदा कसा चालतो त्याला डोकं लागत नाही, दहा ग्रुपना दहा वेगळ्या टीम द्यायच्या, त्यातली एक चालतेच, तिचा स्क्रीनशॉट उरलेल्या नऊ ग्रुपवर टाकायचा. मुलगा होईल असं तोंडाने सांगून वहीत मुलगी लिहून ठेवणारा ज्योतिषी आपल्याकडे जुना आहे, हा फक्त टेलिग्रामवर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आली, मला तर वाटतं तिथली दुकानं बंद झाली म्हणून ही मंडळी आता परदेशी खेळांकडे वळलीत. आणि गेम फुकट आहे हो! फुकटच्या गेमसाठी ४९९ रुपयांची टीम. जिंकून त्या काकांना मिळणार काय होतं, देव जाणे, मेसेजमध्ये "लाखोंची बक्षिसं" लिहिलंय.

बाबांना सांगून काकांकडून ती पीडीएफ मागवली. कॅप्टन : आयर्लंडचा जॉनी सेक्स्टन. माणूस २०२३ च्या वर्ल्ड कपनंतर रिटायर झालाय.

मग बाबांना फोन लावला आणि हे सगळं, एवढंच्या एवढं, ऐकवलं. बराच वेळ पलीकडून फक्त हं, हं. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्यांचे पैसे गेले." गेले, म्हटलं. "बरं. आणि तो अठ्ठावीस जणांना पाडणारा कोण म्हणालीस? उंची किती त्याची?" दोन मीटर, म्हटलं. "आणि वजन?"