गळा एक, गिऱ्हाइकं दोन

मे महिन्यात आमच्या सिंधुदुर्गात गळ्याला जेवढी मागणी असते तेवढी उरलेल्या वर्षात नसते. चाकरमानी गावात आलेले, घरोघरी सत्यनारायण, त्यातच वास्तुशांती आणि मुंजी, आणि प्रत्येक ठिकाणी रात्री भजन. एखाद्या वाडीने डबलबारी ठेवली की मग विचारूच नका. दोन बुवा समोरासमोर बसून पहाटेपर्यंत देवाचं नाव घेत एकमेकांची अब्रू काढतात. मी आमच्या बुवांच्या मागे कोरसला असतो. बुवांचे हात बोलण्यात गुंतले की पेटीही माझ्याकडे सरकते. मानधन म्हणाल तर चहा आणि उसळ-पाव.

इथवर कोणाचीच काही तक्रार नाही. भजनाला चाललो म्हटलं की अख्खी वाडी कौतुकाने बघते. माझी खरी बोंब वेगळीच आहे, आणि ती मी तोंड उघडून मारतो. मला रोलर कोस्टरचा नाद आहे. वय एक्कावन्न. गावात याला ‘पाळण्यात बसणं’ म्हणतात आणि ते आठवीनंतर सोडायचं असतं.

आमच्या जिल्ह्यात पाळणे येतात ते जत्रेत, नि ते हाताने ढकलले तरी चालतील अशा बेताचे. खरा कोस्टर गाठायचा तर खोपोली. तिथे खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका या थीम पार्कात २०१३ पासून नायट्रो नावाचा कोस्टर उभा आहे. स्विस कंपनीने बनवलेला, १३२ फूट उंच, ताशी १०५ किलोमीटर वेग, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा. पायाखाली फळी नाही, पाय नुसते लोंबकळत. देवळात जाताना काढतो तशी मी चप्पल काढूनच बसतो.

देवाची योजना बघा, एका अंगाला महडचा वरदविनायक, दुसऱ्या अंगाला पालीचा बल्लाळेश्वर, आणि मधल्या टापूत नायट्रो. दोन अष्टविनायक करून येतो म्हटल्यावर अडवणार कोण? दर्शन मी मनापासून घेतो, उगाच कोणी शंका घेऊ नये. बायकोने मात्र पहिल्याच वर्षी पिशवीत डबा ठेवताना सांगितलं, "गणपतीक माझो नमस्कार सांगा. आणि पाळण्याक पण."

तारखांचं गणित म्हणजे निव्वळ छळ. रेल्वेचं तिकीट काढायचं दोन महिने आधी, कारण मेच्या शेवटी सगळे चाकरमानी एकदम मुंबईला परततात आणि वेटिंगची यादी बघून घाम फुटतो. डबलबारीची तारीख मात्र ठरते चार दिवस आधी, यजमानाच्या मेहुण्याची रजा मंजूर झाल्यावर. जूनमध्ये जाऊ म्हणावं तर पाऊस, वर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. त्यामुळे दोन्ही शौक एकाच आठवड्यात येऊन आदळतात आणि दोघांनाही हवा असतो तोच एक गळा. यंदा पूजेचं भजन आटोपून तुतारी एक्स्प्रेसने गेलो आणि पिपाणी होऊन परत आलो.

सोबतीला आमचा पखवाजी होता. आदल्या रात्री पखवाजाला लावलेली कणीक त्याच्या डाव्या हाताच्या नखांत वाळून बसलेली, आणि त्याच हाताने त्याने खांद्यावरचा दांडा आवळून धरला होता. गाडी साखळीवरून चढायला लागली की खालून कट्-कट् आवाज येतो. गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्टीचा आवाज तो. माणसं एव्हाना देवाचा धावा सुरू करतात. आमचा पखवाजी डोळे मिटून मात्रा मोजत होता. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्याने त्या खटखटीवर चपखल बसवल्या, माथा जवळ आल्यावर मांडीवर तिहाई सुरू केली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचं, आणि सम यायला दीड मात्रा असताना गाडीने आम्हाला खाली फेकलं. तो पडल्याने ओरडला नाही. सम चुकली म्हणून ओरडला.

मी मात्र पडल्यानेच ओरडलो. आम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेत बसतो. पुढचे डबे उताराला लागले की मागच्यांना ते माथ्यावरून खेचून नेतात, त्यामुळे बूड सीटवरून उचललं जाण्याचं सुख मागे जास्त. आणि माथा ओलांडला की पुढे साखळी नाही नि इंजिन नाही. चढताना कमावलेल्या उंचीवर सगळा प्रवास, म्हणून पुढची प्रत्येक चढण पहिलीपेक्षा ठेंगणी. आमच्या बुवांचंही तेच होतं, पहिल्या अभंगाला काय चढतील तेवढेच.

परतल्यावर तालमीला बसलो. बुवांनी सूर दिला. माझ्या तोंडातून करवतीवर फणस घासल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. बुवांनी पेटी थांबवली.

"गळो खंय ठेवन इलंस?"

उत्तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच पोचलं होतं. उतारावर कॅमेरा आपोआप फोटो काढतो, आणि पखवाज्याने तो पैसे मोजून विकत घेतला होता. बुवांनी चष्मा वर करून फोटो मोठा करून पाहिला. माझी पडजीभसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"भजनात कधी एवढा तोंड उघडलंस काय रे?"

मग ‘पन्नाशी उलटली मेल्या’पासून ‘विलायती थेरां’पर्यंत सगळं ऐकून घेतलं. विलायती म्हटल्यावर मात्र मला राहवेना. म्हटलं, बुवा, तुमच्यासमोरची पेटी कुठली? तीही युरोपातलीच. परकी म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती तीसेक वर्षं उठली नव्हती. आणि रोलर कोस्टरला नावं ठेवू नका. अमेरिकेत १८८४ साली कोनी आयलंडला थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने पाच सेंट घेऊन पहिला असा रूळपाळणा चालवला. माणूस भाविक. लोकांनी दारूच्या गुत्त्यात न जाता मोकळ्या हवेत करमणूक करावी, हा त्याचा हेतू. गाडीचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. म्हणजे भजनाचाच प्रकार की हा!

बुवा विचारात पडले. "मगे, झाली थंय दारू बंद?"

मी गप्प.

"आमच्या भजनान तरी खंय झाली," बुवा म्हणाले आणि प्रकरण तिथेच मिटलं. निकाल मात्र लागला: "जा हवा तेव्हा. पण तोंड बंद ठेव. गळो माझो आसा."

बोलायला सोपं आहे. १३२ फुटांवरून खाली येताना तोंड मिटून ठेवणं म्हणजे काय, ते बुवांना कसं कळावं? पण शब्द दिला होता. जून लागायच्या आत, डबलबारीच्या दोन दिवस आधी, आम्ही पुन्हा गेलो. दोन्ही ओठ दातांखाली दाबून बसलो. पहिल्या उतारावर ती बोंब घशापर्यंत आली, बाहेर वाट नाही म्हणून नाकात गेली, तिथून कानात. पाची वेळा उलटा होताना मी फक्त हुंकार दिला, तोही षड्जात. फोटोत सगळी रांग जबडे फाडून किंचाळतेय आणि कडेला एक गृहस्थ बँकेच्या रांगेत टोकनची वाट बघत बसल्यासारखा.

उतरलो तर शेजारच्या सीटवरची पुण्याची कॉलेजची पोरं घाबरलेली. "काका, बरं वाटतंय ना?" मी मानेनेच हो म्हटलं. घसा वाचवायचा तर बोलणंही जपूनच. त्यावरून त्यांची खात्रीच पटली. एकाने मला बाकावर बसवलं, दुसऱ्याने नाडी धरली, एक मुलगी बाटली घेऊन धावली. मी हातवारे करून गळा दाखवला तर ती म्हणाली, "बघ, छातीत नाही, वर दुखतंय त्यांना!"

शेवटी त्यांच्यातला शहाणा पोरगा पखवाज्याकडे वळला. "यांना बोलता येत नाही का?"

"येतं की," पखवाजी नखातली कणीक काढत म्हणाला. "पण शनिवारी डबलबारी आहे."