२२२–० चं मला कौतुक नाही

भाचा अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर फुशारकी मारत होता, "मामा, आमच्या कॉलेजने एकदा फुटबॉलमध्ये २२२–० ने मॅच मारलीय!" (फुटबॉल म्हणजे तो अमेरिकन, हेल्मेटवाला. आपला पायाने खेळायचा नव्हे.)

ती मॅच ७ ऑक्टोबर १९१६ ची. समोर होतं कंबरलँड कॉलेज. त्यांनी फुटबॉलचा संघ कधीच गुंडाळला होता, पण मॅच आधी ठरलेली. आला नाहीत तर ३००० डॉलर भरा, म्हणून टेकचे कोच जॉन हाइझमन अडून बसले. बिचाऱ्यांनी हाताला लागतील ती पोरं गोळा करून आणली. अर्ध्या वेळेलाच १२६–०! एवढा राग कशाचा? तर त्याआधी बेसबॉलमध्ये (तिथेही कोच हेच) कंबरलँडने टेकला २२–० असं धुतलं होतं आणि त्यात पैसे देऊन आणलेले खेळाडू होते, असा यांचा संशय. मग २२ पुढे आणखी एक २ लावून परतफेड केली. मला हा निव्वळ खुनशीपणा वाटतो.

भाच्याला म्हटलं, फुशारकी मारायचीच तर १८९५ ची मार. हाइझमन तेव्हा ऑबर्न या दुसऱ्या कॉलेजचे कोच. जॉर्जिया विद्यापीठ (टेक नव्हे) विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ सामना बघायला गेले होते. एका खेळाडूला चहूबाजूंनी घेरलं, बॉलला लाथ मारायलाही जागा नाही. त्याने घाबरून बॉल सरळ पुढे फेकला, सोबत्याने तो झेलला आणि सुसाट सुटला. असं फेकणं तेव्हा नियमात बसत नव्हतं. रेफरी म्हणे, मी फेकताना पाहिलंच नाही. टचडाउनचे गुण कायम!

हाइझमनच्या डोक्यात तो बॉल बसला. त्या काळचा खेळ म्हणजे घोळक्याने घोळक्यावर तुटून पडायचं. पोरं जिवानिशी जायची. बॉल हवेतून पुढे गेला तर घोळका पांगेल, म्हणून ते नियम समितीच्या वॉल्टर कँपच्या मागे हात धुऊन लागले. कँप ढिम्म. शेवटी १९०५ च्या मोसमातल्या मृत्यूंवरून बोंबाबोंब झाली, खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी लक्ष घातलं आणि १९०६ मध्ये पुढे पास द्यायला परवानगी मिळाली. श्रेय एकट्या हाइझमनचं नाही, पण दहा-अकरा वर्षं एखादी गोष्ट लावून धरायला चिकाटी लागते.

"पण मामा, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी देतात ती हाइझमन ट्रॉफी यांच्याच नावाची ना?"

होय. १९३६ मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांचं नाव दिलं. आणि गेली पंचवीसेक वर्षं ती बहुतेकदा क्वार्टरबॅकच घेऊन जातोय. म्हणजे बॉल पुढे फेकणारा.