अण्णांनी पाणी घातलं

सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या कुंडीचा फोटो आला तेव्हा मी सावंतवाडीला मावशीच्या पडवीत बसून फणसाचे गरे खात होते. फोटोत तडकलेली माती आणि मधोमध एक वाळकी काडी. खाली मजकूर : 'झाडांची निगा राखता येत नसेल तर लावू नयेत. मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत. आजपासून मी पाणी घालत आहे.' पाठवणारे, समोरच्या दारातले अण्णा. त्याला 14 अंगठे, दोन नमस्कार आणि एक रडका चेहरा. रडका चेहरा कोणाचा, तर जो माणूस रोज सकाळी सोसायटीच्या नळाला नळी लावून अर्धा तास गाडी धुतो त्याचा.

मी लगेच लिहिलं, 'अण्णा, कृपा करून पाणी घालू नका.' रेंज अशी की निरोपाला एकच टिक. मग अंगणाच्या टोकाला, आंब्याच्या बुंध्यावर चढून फोन केला. दुपारचे अडीच वाजले होते. अण्णांच्या दारावर पाटी आहे : 'दुपारी 2 ते 4 बेल दाबू नये.' हा नियम फोनलाही लागू असतो हे तेव्हा कळलं. नवरा बोरिवलीत घरीच होता. त्याला म्हटलं, अण्णांना थांबव. तो म्हणाला, "मला वाटलं तूच सांगून गेलीस त्यांना."

तर कुंडीत होती कळलावी. पालघरच्या मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी कंद दिला होता. आमच्या जिन्याच्या चौकात जाळीतून सकाळचं ऊन येतं, पावसाची झड येते, म्हणून कुंडी तिथे. ही रानातली वेल. पहिल्या पावसाबरोबर कोंब वर येतो, पानांची टोकं वळून तणाव्यासारखी होतात आणि जे सापडेल त्याला धरून ती चढते. माझ्या वेलीने पहिल्या वर्षी जाळी धरली, दुसऱ्या वर्षी केबलवाल्याची वायर. श्रावणात फुलं. पाकळ्या मागे उलटलेल्या, आधी हिरवट पिवळ्या, मग नारिंगी, शेवटी लालभडक. चूल पेटल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात पाणी घालायचा प्रश्नच नसतो. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा काळजी असते ती कुंडीचं भोक बुजू न देण्याची. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांआड तांब्याभर. पानं पिवळी पडायला लागली की हात आखडता घ्यायचा, आणि वेल वाळली की पाणी बंद. पूर्ण बंद. कंद मातीत झोपतो तो थेट पुढच्या जूनपर्यंत.

मे महिन्यात कळलावीची निगा राखणं म्हणजे तिच्याकडे न बघणं. ती मी फार मनापासून राखत होते.

दहा दिवसांनी परत आले. बॅग हातातच होती, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"आलीस? बघ, ओल कशी धरलीय."

ओल कसली, तळं होतं. त्यावर कोथिंबिरीची दोन पानं तरंगत होती.

"किती पाणी घातलंत अण्णा?"

"जास्त नाही. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. भाजी धुतलेलं, ताटल्या विसळलेलं पाणी वेगळं. त्यात कस असतो."

"ती झोपली होती हो."

"कोण?"

"वेल."

अण्णा रेल्वेत टीसी होते. पास घरी राहिला म्हणणाऱ्याकडे ते आयुष्यभर जसं बघत आले असतील तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कंद, विश्रांती, कुजणं, सगळं सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. "डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी... सहा महिने? अगं, मी रात्रीच्या गाडीत बर्थवर घोरणाऱ्यांना उठवून तिकिटं तपासलीत. उठतात. कोणी मेलं नाही."

"पण झाडाला..."

"आणि झोपली होती तर कुंडीवर तसं लिहायचं. आम्हाला कसं कळणार?"

दारावर पाटी लावून झोपणाऱ्या माणसाने हे म्हणावं! पण याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही, आणि कंदापेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो. दुपारी तीन वाजता अण्णांवर भाजी धुतलेलं अर्धी बादली पाणी ओतावं, त्यात कस असतो म्हणून, हा विचार मनात आला. बादली भरायला नळाला पाणी नव्हतं.

पाण्यावरून आठवलं. आमच्या नळाला सकाळी दोन तास पाणी. ते येतं कुठून? भातसा, तानसा, वैतरणा; लांबच्या शहापूरकडच्या डोंगरांतून, मोठमोठ्या नळांतून. त्यात शहराच्या हद्दीतले, प्यायचं पाणी देणारे तलाव दोनच, विहार 1860 चा आणि तुळशी 1879 चा. तुळशी तर आमच्या मागच्या राष्ट्रीय उद्यानातच. त्याच जंगलाच्या उतारावर कळलावी आपोआप उगवते. मे महिन्यात तिथला कंद तलावाच्या अंगाला ठणठणीत कोरड्यात पडून असतो, आणि जूनमध्ये बरोबर उठतो. त्याला कोणी तांब्या नेत नाही. माणसांनी धरणं बांधून, डोंगर पोखरून एवढ्या लांबून पाणी आणायचं, ते पंपाने तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, कशासाठी, तर माझा कंद कुजवायला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन वर आल्या. "कसली वेल गं?"

"अग्निशिखा," मी म्हणाले. मुद्दाम भारदस्त नाव सांगितलं. पण काकूंचं माहेर रोह्याचं.

"म्हणजे कळलावीच ना? अगं बाई! ती दारात ठेवलीस? भांडणं लागतात तिने."

अण्णांचा चेहरा उजळला. "तरीच!" म्हणाले.

पुढची वीस मिनिटं त्या चौकात गेल्या तीन वर्षांची सगळी भांडणं माझ्या कुंडीच्या नावावर चढली. पार्किंगचं, गच्चीच्या गळतीचं, टाकी धुण्याच्या पैशांचं, सेक्रेटरींनी रागाने दिलेला आणि कोणीच न स्वीकारलेला राजीनामा. मी सांगून पाहिलं की हे नाव बाळंतपणाच्या कळांवरून आलंय म्हणतात, कंद त्यासाठी वापरायचे. विषारी आहे, खाऊ नका, एवढंच. भांडणाशी संबंध नाही. मावशीकडे गौरीला हीच फुलं लागतात. शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, "तामिळनाडूचं राज्यफूल आहे हे."

"बघ," अण्णा म्हणाले, "म्हणून ते कावेरीचं भांडण मिटत नाही."

म्हणजे सकाळी मुक्या जिवाचे प्राण वाचवणारे अण्णा दुपारपर्यंत बिल्डिंगवरची पीडा घालवणारे झाले. दोन्ही वेळा श्रेय त्यांनाच. आणि दोन्ही वेळा आगाऊ मी. हसतेय खरी, पण मला हे समजत नाही. एखादी गोष्ट गप्प पडलेली लोकांना का बघवत नाही? मूल दोन मिनिटं खिडकीत शांत बसलं तर विचारतात, बरं नाही का? बाई दुपारी आडवी झाली तर विचारतात, काय झालं? कुंडीत तर बिचारीला विचारायचीही सोय नाही, सरळ तांब्या. आणि मला विचारायला एक फोन पुरला असता.

हातमोजे घालून कंद उकरला. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, दोन हातांचा असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यावरूनच. एक हात बोटाने दाबला तर लापशी झाला. वास सांगत नाही. दुसरा कडक होता, शेंड्याचा डोळा शाबूत. तो कापून घेतला, कापलेल्या जागी राख चोळली, दोन दिवस सावलीत सुकवला आणि बुटांच्या खोक्यात कोरड्या वाळूत ठेवून माळ्यावर टाकला. खोक्यावर लिहिलं, 'झोपली आहे.' त्या दिवशी सुचलं नव्हतं ते.

माती परत कुंडीत भरली आणि कुंडी होती तिथेच ठेवली. अण्णांना काहीच सांगितलं नाही. ते सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन येतात, नुसत्या मातीला पाणी घालतात, माझ्या बंद दाराकडे बघून मान हलवतात. मी भिंगातून बघते. खोटं कशाला सांगू, बरं वाटतं.

वाटत होतं, असं म्हणायला हवं. आज सकाळी ग्रुपवर पुन्हा माझ्या कुंडीचा फोटो आला. मधोमध दोन इंचांचा हिरवागार, लवदार, नाजूक कोंब. टोमॅटोचा. खाली अण्णांचा मजकूर : 'जे मेलं म्हणून सोडून दिलं होतं, ते केवळ नियमित पाण्याने पुन्हा उगवलं!'

23 अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.