धर्मादाय क्रिकेट आणि काकांची पिशवी

आज भाच्याने आयपीएलची दोन तिकिटं काढली. म्हणाला, "मामा, यात 40 टक्के जीएसटी आहे." मला वाटलं पोरगं फेकतंय. नाही हो! सप्टेंबर 2025 पासून 28 चे 40 झालेत. कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या रांगेत नेऊन बसवलंय आपल्याला.

आणि हे सामने भरवणारी बीसीसीआय? ती इन्कम टॅक्सच्या लेखी धर्मादाय, म्हणजे करसवलतीला पात्र! नोव्हेंबर 2021 मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की आयपीएलमधून पैसा आला तरी क्रिकेटचा प्रसार हा मूळ हेतू काही बदलत नाही. पुढच्याच जूनमध्ये पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. प्रसारच तो.

मला आमचे काका आठवले. खो-खो मंडळाचे खजिनदार. मंडळ नोंदणीकृत सोसायटी, बीसीसीआयही सोसायटीच, फक्त तमिळनाडूच्या कायद्याखालची. एका दिवाळीत आम्ही मैदान स्टॉलवाल्यांना दिलं, 11 हजार आले, त्यातून मुलींच्या संघाला बूट घेतले. झालं! इन्कम टॅक्सवाले म्हणाले, "हे व्यावसायिक उत्पन्न आहे, खुलासा करा." काका पावतीपुस्तकांची पिशवी घेऊन हजर. साहेबांनी विचारलं, संस्थेचा उद्देश काय? काका म्हणाले, "खो-खो."

त्यांना परत पाठवलं.

आता कुणी सांगेल की बोर्ड टॅक्स भरतं. भरतं. 2021-22 चे 1,159 कोटी भरले असं सरकारनेच राज्यसभेत सांगितलंय. संघमालक भरतात, खेळाडूही भरतात. बरं, मान्य. मग एवढं भरता येतं तर धर्मादायची पाटी कशाला हवी? अमेरिकेतल्या एनएफएलने, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगने, लाज वाटून म्हणा की कटकट नको म्हणून म्हणा, 2015 मध्ये असली सवलत आपणहून सोडली.

हेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. 2022 मध्ये बोर्डाने महिला खेळाडूंना पुरुषांइतकी मॅच फी जाहीर केली, तेव्हा मीच इथे भरभरून लिहिलं होतं. आमच्या मुलींचे बूट आठवले होते तेव्हा.

पण मग 2023 आठवतं आणि डोकं फिरतं. आपल्याच राज्य सरकारने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले, आणि तेही 2011 पर्यंत मागे जाऊन! उच्च न्यायालयालाही विचारावं लागलं की का बाबा. काकांना कुणी बसची एक फेरी तरी माफ केली का?

तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी काका बुटांचा एक जोडच पिशवीत घालून घेऊन गेले. चिखलाचे, वापरलेले. टेबलावर ठेवले म्हणे. साहेब हसले आणि सही केली. माणूस वाईट नव्हता.

काका आता नाहीत. पिशवी मंडळाच्या कपाटात आहे, बुटांचं बिलही आहे तिच्यात. आणि हो, तिकिटं ठेवलीत. शनिवारी जातोय, भाच्याचा हिरमोड कशाला करू.