जॉन डेन्व्हर: फॉरवर्डमधलं एकेक वाक्य तपासून

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ येत नाही असा ट्रेकिंग ग्रुप पुण्या-मुंबईत शोधूनच काढावा लागेल. या गाण्याच्या मागोमाग त्याच्या अमेरिकी गायकाबद्दलचा एक मजकूरही फॉरवर्ड होत फिरत असतो. त्याचं सार असं: वेस्ट व्हर्जिनियातला खेडवळ मुलगा जॉन डेन्व्हर व्हिएतनाममध्ये स्नायपर होता, तिथे घराच्या आठवणीने व्याकूळ होऊन त्याने एकट्याने हे गाणं लिहिलं, गाणं साधं, तीन कॉर्ड्सचं, कंट्री संगीतवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि शेवटी दारूच्या नशेत विमान उडवताना तो गेला.

यातलं विमान तेवढं खरं.

‘वेस्ट व्हर्जिनियातला खेडवळ मुलगा’

जन्म ३१ डिसेंबर १९४३, न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलचा. खरं नाव हेन्री जॉन डॉइचेनडॉर्फ ज्युनियर. वडील हवाई दलात वैमानिक, त्यामुळे बदलीच्या मागे बिऱ्हाड: ॲरिझोना, अलाबामा, टेक्सास. टेक्सास टेकमध्ये आर्किटेक्चर शिकत होता, ते अर्धवट सोडून लॉस एंजेलिसला गेला. ‘डेन्व्हर’ हे आडनावसुद्धा कोलोरॅडोच्या राजधानीवरून उचललेलं.

‘व्हिएतनाममध्ये स्नायपर होता’

सैन्यात तो कधीच नव्हता. १९६५ पासून तो मिचेल ट्रायो या गायकगटाबरोबर गात गावोगाव फिरत होता. लहान मुलांच्या कार्यक्रमामुळे घराघरांत पोचलेले फ्रेड रॉजर्स यांच्या नावावरही हीच स्नायपरची कथा फिरते. नाव बदलायचं, बाकी मजकूर तोच.

‘घराच्या आठवणीने, एकट्याने लिहिलं’

गाण्याचे लेखक तीन: बिल डॅनॉफ, टॅफी नायव्हर्ट आणि डेन्व्हर. सुरुवात पहिल्या दोघांची, तीही शेजारच्या मेरीलँड राज्यात. गेदर्सबर्गजवळचा क्लॉपर रोड तेव्हा वळणावळणाचा, अरुंद रस्ता होता. तिथून गाडीने जाताना ओळी सुचल्या. डॅनॉफ मॅसॅच्युसेट्सचा. गाण्यात ज्या राज्याचं नाव येतं ते वेस्ट व्हर्जिनिया त्याने पाहिलेलंही नव्हतं. त्या राज्याशी ओळख झाली ती तिथल्या व्हीलिंग शहराच्या रेडिओ केंद्रामुळे. ‘मॅसॅच्युसेट्स’ हे नाव घालायचाही विचार झाला होता, कारण चालीत तेही बसतं. आणि गाणं द्यायचं मनात होतं कंट्री गायक जॉनी कॅशला.

डिसेंबर १९७० च्या अखेरीस डेन्व्हर वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोअर’ या क्लबमध्ये कार्यक्रम करत होता. एका रात्री खेळ संपवून तिघं डॅनॉफ-नायव्हर्टच्या घरी निघाले, वाटेत गाडीला अपघात झाला आणि डेन्व्हरचा अंगठा मोडला. इस्पितळातून अंगठा बांधून तो त्यांच्या घरी पोचला, अर्धवट गाणं ऐकलं आणि पहाटेपर्यंत तिघांनी ते पुरं केलं. ३० डिसेंबरला ते मंचावर पहिल्यांदा गायलं गेलं. १९७१ मध्ये रेकॉर्ड आली आणि बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली.

भूगोलही तपासा. गाण्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनँडोआ नदी यांचा बहुतेक भाग व्हर्जिनियात येतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेकडच्या टोकाला, हार्पर्स फेरीपाशी, त्यांचा जेमतेम स्पर्श होतो. तरी त्या राज्याने २०१४ मध्ये हे अधिकृत राज्यगीतांपैकी एक केलं. १९७३ मध्ये जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्स या बँडने राज्याचं नाव काढून ‘वेस्ट जमैका’ घातलं, तरी गाणं तसूभर हललं नाही. एखाद्याच्या खऱ्या घराचा पत्ता त्यात असता, तर हे जमलं नसतं.

डेन्व्हर नुसता गायक होता असा मात्र याचा अर्थ काढू नये. ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ त्याने १९६६ मध्ये लिहिलं, आणि १९६९ च्या डिसेंबरात पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाच्या आवाजात ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तोवर त्याचं स्वतःचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं.

‘तीन कॉर्ड्सचं साधं गाणं’

गिटारवर तीन कॉर्ड्समध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या तीन जुळण्यांत) वाजवून पाहा, नेमकं कुठे अडतं ते हाताला कळेल. मूळ रेकॉर्डिंग ए मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा. तारा दाबून धरणारी चाप, म्हणजे कॅपो, दुसऱ्या फ्रेटवर लावून जीच्या आकारात वाजवलं की तीच पट्टी मिळते. कडवं आणि धृपद जी, ई मायनर, डी, सी या चारांत निभतं. खरी गंमत मधल्या भागात आहे, जिथे रेडिओ आणि गाडी चालवण्याचा उल्लेख येतो. तिथला दुसरा अर्धा भाग असा जातो: ई मायनर, एफ, सी, जी, डी, डी सेव्हन.

तो एफ जीच्या सप्तकातला नाही. जी हा षड्ज धरला तर एफ म्हणजे कोमल निषाद, आणि त्यावर अख्खी कॉर्ड उभी आहे. तोवर शुद्ध स्वरांत चाललेल्या गाण्यात तिथे क्षणभर जमीन खचते, मग सी-जीवरून डीवर चढत परत धृपद. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हमखास हाच एफ गाळला जातो, कारण त्याचा बॅरे, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं, नवख्याच्या बोटांना जमत नाही. त्याजागी डी वाजवला तर पुढे यायचा डी आधीच खर्ची पडतो आणि चढण सपाट होते. बॅरे नको असेल तर चारच तारा घ्या: पहिलं बोट आडवं करून पहिल्या दोन तारांवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. पाचवी-सहावी तार छेडायची नाही.

‘कंट्रीवाल्यांनी डोक्यावर घेतलं’

१९७५ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ दिलं खरं. पण नाव जाहीर करायला उभ्या असलेल्या गायक चार्ली रिचने मंचावरच लायटर काढून विजेत्याच्या नावाचं पाकीट पेटवलं. डेन्व्हर त्या वेळी दुसरीकडून उपग्रहाद्वारे दिसत होता. पॉपकडे झुकलेला माणूस कंट्रीत कशाला, हा वाद त्याच्या मागे कायम राहिला. लोकगीतवाल्यांनाही तो कधी पुरता आपला वाटला नाही.

‘दारूच्या नशेत विमान पडलं’

१२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातला पॅसिफिक ग्रोव्हचा किनारा. तपासणीत त्याच्या शरीरात दारू किंवा अमली पदार्थ आढळले नाहीत. अफवेला धागा मिळतो तो दुसरीकडून: दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणांमुळे वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच्याकडे तेव्हा वैध नव्हतं. हे झाकण्यात अर्थ नाही. पण विमान पडलं ते इंधनाच्या मुठीपायी.

लाँग-ईझेड हे घरी बांधायचं छोटं विमान. नुकतंच विकत घेतलेलं, सराव जेमतेम अर्ध्या तासाचा, जरी एकूण उड्डाणाचा अनुभव २,७०० तासांच्या वर होता. एका टाकीवरून दुसरीवर जायची मूठ बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, तीही खुणांशिवाय. इंधन दाखवणाऱ्या नळ्या मागच्या बाजूला होत्या; त्या दिसाव्यात म्हणून मेकॅनिकने त्याला आरसा दिला. इंधन भरायचं का, असं विचारलं तेव्हा त्याने नको म्हटलं, तासभरच उडायचं होतं.

मूठ फिरवायची तर उजवा हात विमान चालवायच्या दांड्यावरून काढायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, धड डावीकडे काटकोनात वळवायचं आणि मग खांद्यामागे हात घालायचा. तपासकर्त्यांनी तसं करून पाहिलं तेव्हा वळताना उजवा पाय आपोआप रडरच्या (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूच्या) पेडलवर दाबला जात होता. विमान उजवीकडे कलंडत खाली गेलं, आणि सावरायला पुरेशी उंचीच नव्हती. या विमानाचा आराखडा करणाऱ्या बर्ट रुटनच्या मूळ आराखड्यात ती मूठ समोर, वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये असते.