नेट नाही म्हणून नेटवर्क मॅनेजर उडवू नका

‘लिनक्स अपग्रेड केल्यावर नेट गेलं? हे सहा उपाय करा, नेट येणारच’ असा एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. भाच्याने तो मला ‘मामा, दुसरा उपाय करून बघू का?’ असं विचारत पाठवला. करण्याआधी विचारलं, हे नशीब.

मेसेजमधले उपाय थोडक्यात असे. एक, अपग्रेडमुळे नेटवर्क कार्ड जातं, नवं यूएसबी डोंगल घ्या. दोन, नेटवर्क मॅनेजर (नेट जोडणारा प्रोग्राम) पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढून टाका, मग ऑटोरिमूव्ह चालवा आणि पुन्हा इन्स्टॉल करा. तीन, ग्रबमध्ये (मशीन बूट करणाऱ्या मेनूत) ‘नेट.आयएफनेम्स=०’ टाका, म्हणजे कार्डांना जुन्या पद्धतीची नावं मिळतील. चार, डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलमध्ये ८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता लिहून फाइलला कुलूप लावा. पाच, आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद करा. सहा, तरीही जमलं नाही तर फॉरमॅट मारा आणि पुन्हा कधी अपग्रेड करू नका.

(कमांडा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन लिपीतच टाइप करायची.)

सगळ्यात आधी दुसरा उपाय, कारण नुकसान तोच करतो. मशीनवर नेट नाही. अशा वेळी नेट जोडणारं पॅकेज काढून टाकायचं आणि मग ‘ॲप्ट इन्स्टॉल नेटवर्क-मॅनेजर’ म्हणायचं. ते पॅकेज येणार कुठून? नेटवरून! विहिरीत उतरून मग दोर कापण्याचाच हा प्रकार. पॅकेजची जुनी डेब फाइल कॅशेमध्ये, म्हणजे उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यात, असेल असं कोणी म्हणेल. ‘ॲप्ट’ ही कमांड इन्स्टॉल यशस्वी झालं की उतरवलेल्या फाइली पुसून टाकते. ‘ॲप्ट-गेट’ त्या ठेवते. म्हणजे ‘/व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये काही सापडेल की नाही, हे तुम्ही अपग्रेड कोणत्या कमांडने केलं त्यावर ठरतं. मेसेजवाल्याने हे कुठे विचारलंय?

त्यावर पुन्हा ऑटोरिमूव्ह. नेटवर्क मॅनेजर गेला की त्याच्यामुळे आलेली पॅकेजं ‘आता कोणाला नकोत’ या यादीत जातात. त्यात डब्ल्यूपीए सप्लिकंट असू शकतो, आणि तो नसेल तर नेहमीच्या पासवर्डवाल्या वायफायला जोडणार कोण? नेटवर्क मॅनेजरवर अवलंबून असलेली डेस्कटॉपची पॅकेजंही काढायच्या यादीत येतात, आणि ‘होय’ दाबण्याआधी ती यादी कोणी वाचत नाही. वाचा.

ज्यांनी हे आधीच करून ठेवलंय त्यांच्यासाठी सुटकेचा रस्ता आहे. डेबियन आणि उबुंटूत ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ हा नेट जोडणारा दुसरा प्रोग्राम मूळ सिस्टमडी पॅकेजमध्येच असतो, म्हणून तो अजून शाबूत असतो. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून मशीनला देणं) चालू करा आणि ‘आयपी लिंक’ चालवा. ‘यूएसबी०’ किंवा ‘ईएनएक्स’ने सुरू होणारं एखादं नवं नाव दिसेल. मग ‘/एटसी/सिस्टमडी/नेटवर्क/१०-फोन.नेटवर्क’ अशी फाइल बनवा. तिच्यात चार ओळी: ‘[मॅच]’, खाली ‘नेम=’ आणि ते दिसलेलं नाव, मग ‘[नेटवर्क]’, खाली ‘डीएचसीपी=यस’. ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट सिस्टमडी-नेटवर्कडी’ केलं की काही सेकंदांत पत्ता मिळतो. पॅकेजं परत आली की ही फाइल काढून नेटवर्कडी थांबवा, नाहीतर पुढे एकाच कार्डावर दोघं हक्क सांगत बसतील.

आता अर्धसत्य मान्य करतो. नेटवर्क मॅनेजरचा दोष असू शकतो. पण तो बहुतेक वेळा त्याला दिलेल्या सूचनांत असतो, प्रोग्राममध्ये नसतो. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ चालवा. कार्डासमोर ‘अनमॅनेज्ड’ दिसलं तर नेटवर्क मॅनेजरला त्या कार्डाला हात लावू नको असं कुठेतरी सांगितलेलं आहे. डेबियनवर ‘/एटसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये त्या कार्डाचं नाव असलं की तो ते सोडून देतो. तिथल्या ओळींपुढे हॅश टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळात नेटवर्क सेटिंगच्या जुन्या ‘आयएफसीएफजी’ फाइलींचा आधार निघून गेला आहे. फेडोरा ३६ पासून तो वेगळ्या पॅकेजमध्ये गेला आणि रेड हॅट १० मध्ये तोही उरला नाही. म्हणून अपग्रेडच्या आधीच ‘एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट’ चालवून घ्यायचं. आणि ‘सिस्टम-कनेक्शन्स’ फोल्डरमध्ये हाताने कॉपी केलेली फाइल रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) मालकीची नसेल, किंवा तिची परवानगी ६०० पेक्षा (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशीपेक्षा) सैल असेल, तर नेटवर्क मॅनेजर ती वाचतच नाही. तक्रार फक्त लॉगमध्ये करतो. यातल्या कशासाठीही पर्ज लागत नाही.

खरं तर मेसेजची मूळ खोट हीच आहे की ‘नेट गेलं’ हा एकच आजार धरून चाललाय. साखळी कुठे तुटली हे आधी बघा, पाच मिनिटं लागतात. ‘आयपी लिंक’मध्ये फक्त ‘एलओ’ (मशीनचं स्वतःपुरतं आतलं जोडणं) दिसतंय? मग कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कार्ड चालवता येत नाहीये, पहिला मुद्दा वाचा. कार्ड दिसतंय पण ‘नो-कॅरियर’ आहे? केबल किंवा स्विच बघा; वायफाय असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ बघा. तिथे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: यस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’. ‘आयपी ॲड्रेस’मध्ये पत्ताच नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा आहे? डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याची सोय) अडलंय. पत्ता आहे, पण ‘आयपी रूट’मध्ये ‘डिफॉल्ट’ची ओळ नाही? गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता, गायब. हे सगळं ठीक आहे, ‘पिंग १.१.१.१’ चालतं आणि नावाने काहीच उघडत नाही? मग फक्त डीएनएस गेलंय, चौथा मुद्दा वाचा.

आणखी एक चाचणी फुकट मिळते. बूट होताना ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. त्यावर नेट आलं तर ड्रायव्हरचा (कर्नलला कार्ड चालवायला लागणाऱ्या प्रोग्रामचा) घोळ, नाही आलं तर बहुधा सेटिंगचा. म्हणून नव्या कर्नलवर नेट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुना कर्नल काढायचा नाही. मेसेजातल्या ऑटोरिमूव्हने तोही जाऊ शकतो.

आता पहिला मुद्दा, कार्ड जातं म्हणे. सॉफ्टवेअर अपग्रेडने कार्ड मरत नाही. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. कार्डाचं नाव दिसतंय पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही, तर कार्ड जिवंत आहे आणि ड्रायव्हर लागलेला नाही. कारणं ठरलेली असतात. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘फर्मवेअर’ शोधलं आणि ‘फेल्ड विथ एरर -२’ दिसलं तर फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल डिस्कवर नाही. उणे दोनचा अर्थ तेवढाच. उबुंटूत कर्नल आला पण त्याच आवृत्तीचं ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ आलं नाही, तर बरेचसे वायफाय ड्रायव्हर गायब असतात. ‘युनेम -आर’चा आकडा त्या पॅकेजच्या आकड्याशी ताडून बघा. डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाने) बांधलेला ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसल्यामुळे तो बांधलाच गेला नसेल; ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगेल. बांधला गेलाय पण ‘मॉडप्रोब’ने लोड करताना ‘की वॉज रिजेक्टेड’ येतं, तर सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) त्याची सही मानत नाहीये. आर्चवाल्यांचं आणखी वेगळं: अपग्रेडने जुन्या कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरच्या फाइली) डिस्कवरून काढले, पण मेमरीत अजून जुनाच कर्नल चालू आहे. अशा वेळी टेदरिंगचा साधा मॉड्यूलसुद्धा लोड होत नाही. रीबूट करा, झालं.

इथेही एक गोष्ट मान्य. कधीकधी कार्ड अडकल्यासारखं होतं आणि नुसत्या रीबूटने सुटत नाही, कारण रीबूटमध्ये त्याची वीज पूर्ण जात नाही. मशीन बंद करून वायर काढा आणि अर्ध्या मिनिटाने लावा. डोंगल विकत घेण्याआधी एवढं तरी करा.

तिसरा मुद्दा, ‘नेट.आयएफनेम्स=०’. एकच कार्ड असेल तर हा कधीकधी चालतो, म्हणूनच तो इतका पसरलाय. पण त्याने काय होतं ते बघा. ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये ‘आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी’ असं लिहिलंय. अपग्रेडनंतर, किंवा मध्येच एखादी एनव्हीएमई डिस्क बसवल्यावर, तेच कार्ड ‘ईएनपी४एस०’ झालं. फाइल जुन्या नावाला हाका मारतेय, लॉगमध्ये ‘कॅनॉट फाइंड डिव्हाइस’. सरळ इलाज म्हणजे फाइलमध्ये तीनाचा चार करणं. मेसेजचा इलाज केला तर कार्ड होणार ‘ईटीएच०’ आणि फाइल तरीही ‘ईएनपी३एस०’च शोधत बसणार! दोन कार्डं असतील तर कोणाला शून्य आणि कोणाला एक हे ज्याचा ड्रायव्हर आधी जागा होईल त्यावर ठरतं. हाच गोंधळ मिटवायला सिस्टमडी १९७ ने २०१३ मध्ये नवी नावं आणली. नाव कायमचं पक्कं हवं असेल तर ‘/एटसी/सिस्टमडी/नेटवर्क/१०-लॅन.लिंक’ फाइलमध्ये ‘[मॅच]’खाली ‘मॅकॲड्रेस=’ आणि कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक), आणि ‘[लिंक]’खाली ‘नेम=लॅन०’ लिहा, आणि डेबियन-उबुंटूत ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. नाव ‘ईटीएच०’ ठेवू नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटतो.

चौथा मुद्दा वरकरणी शहाणा वाटतो, कारण ८.८.८.८ लिहिलं की नेट ‘येतं’. इथे डेबियन १२ च्या रिलीज नोट्स वाचायला हव्यात. ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हडी’ (डीएनएस सांभाळणारी सेवा) त्या आवृत्तीपासून वेगळं पॅकेज झालं आणि अपग्रेडमध्ये ते आपोआप येत नाही. आधीपासून ते वापरत असाल तर हाताने इन्स्टॉल करेपर्यंत डीएनएस बंद पडू शकतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे हे कोडं नाही, छापील सूचना आहे. ‘एलएस -एल /एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ करा. बाण ‘/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ’कडे जातोय आणि ती फाइलच नाही, असं दिसेल. तो दुवा काढा, त्या जागी साध्या फाइलमध्ये ‘नेमसर्व्हर’ आणि राउटरचा पत्ता अशी एक ओळ लिहा, ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हडी’ इन्स्टॉल करा आणि दुवा परत आलाय का बघा. तात्पुरत्या ओळीत ८.८.८.८ लिहिलं तरी हरकत नाही, एवढी सूट देतो.

कुलूप मात्र नाही. ‘सीएचॲटर +आय’ लावलं की रूटलाही फाइल बदलता येत नाही. महिन्याभराने व्हीपीएन लावाल. ऑफिसची आतली नावं सापडणार नाहीत, कारण व्हीपीएनने दिलेला सर्व्हर फाइलमध्ये लिहिताच आला नाही. लॉगिन पान दाखवणारी सार्वजनिक वायफायंही रुसतील. तोवर कुलूप लावल्याचं कोणाला आठवणार? लावलं असेल तर ‘एलएसॲटर’ने ‘आय’ अक्षर दिसतंय का बघा आणि ‘सीएचॲटर -आय’ करा.

फर्मवेअरचंही त्याच नोट्समध्ये आहे. डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग झाला. ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये नुसतं ‘नॉन-फ्री’ असेल तर इंटेल-रिअलटेक वायफायचं नवं फर्मवेअर येतच नाही, आणि पहिल्या मुद्द्यातला ‘एरर -२’ इथूनही उगवू शकतो.

पाचव्यात फार दम नाही. ‘पिंग -४’ने (जुन्या आयपीव्ही४ पद्धतीने) एखादी साइट लागते आणि ‘पिंग -६’ने नाही, तरच आयपीव्ही६वर संशय घ्या. ‘पिंग -४’सुद्धा लागत नसेल तर सहाचा दोष काढून काय मिळणार?

सहावा तर उपायच नाही. अपग्रेड टाळलं की सुरक्षेचे पॅच थांबतात. त्यापेक्षा अपग्रेडआधी ‘आयपी ॲड्रेस’, ‘आयपी रूट’, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’च्या ‘एलएस -एल’चं उत्तर एका फाइलमध्ये ठेवून द्या. नंतर काय बदललं ते शेजारी ठेवून दिसतं. डेबियन-उबुंटूत कोणतं पॅकेज काढलं गेलं ते ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’मध्ये ‘रिमूव्ह’च्या ओळीत सापडेल. आणि मशीन दूरचा सर्व्हर असेल तर एसएसएचवरून (नेटवरून दूरचं लॉगिन करून) अपग्रेड सुरू करण्याआधी कन्सोलवरून (नेट नसतानाही चालणाऱ्या पडद्यावरून) एकदा लॉगिन करून बघा, रूटचा पासवर्ड टाकून.